आईला चहा थंड लागतो

१९ डिसेंबर
आईच्या गुडघ्यांसाठी नव्या गोळ्या सुरू. अजून चाचणीतच आहेत, बाजारात नाहीत. खरी मिळाली की नुसती खडूची, हे डॉक्टरबाईंनाही माहीत नसतं. नसांच्या टोकांना बारीक दारं असतात म्हणाल्या. दुखणं, चटका, मिरचीचा तिखटपणा त्यातल्या एकाच दारानं आत येतात. गोळी ते दार लावून घेते. मी मान डोलावली.
वही दिलीय. रोज दोन रकाने: दुखणं दहापैकी किती, आणि नवीन काही त्रास.
आईला दहापैकी जमत नाही. "बारा आणे दुखतंय, लिही." साडेसात लिहिले.

२७ डिसें.
"सहा आणे." म्हणजे पावणेचार. कपडे तिनेच वाळत घातले. मी लिहायला घेतलेली कथा चौथ्या पानावर अडलेली, तरी आज बरं वाटलं.
चहावरून कुरकुर. "शोभे, थंडच देतीस तू." कपातून वाफ येत होती. पुन्हा उकळून दिला. घटाघटा प्यायली.

३ जाने.
पौर्णिमा. विहारात आई खाली बसली, मांडी घालून. दोन वर्षं मागच्या खुर्चीवर असायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमची खुर्ची धरून ठेवली की मी." आई म्हणाली, "तुम्हीच बसा आता. तुमची पाळी."
घरी येईपर्यंत हसत होती.
आंघोळीचं पाणी गार म्हणते. गीझर दाखवायला हवा.

७ जाने.
तिने ठेचा वाटला. एका घासात माझ्या डोळ्यांतून पाणी. ती बोटाने चाटत, "मिरचीला जोर राहिला नाय बघ."
चहा, पाणी, मिरची. म्हणजे गोळी खरी आहे.
दुसऱ्या रकान्यात "नाही" लिहिलं. दमले होते. पण ते कारण नव्हे.

१० जाने.
माझं डोकं सकाळपासून जड. आई म्हणाली, "पड तू. भाकरी मी करते."
आमच्या कन्नड तालुक्याकडे भाकरी तव्यावर हातानेच उलटतात. चटका बसतो, हात आपोआप निघतो. आईचा निघाला नाही. वास आला म्हणून मी उठले. तीन बोटं भाजलेली, आणि ती दुसरी भाकरी थापत होती.
मलम लावलं. फोड मोठे आहेत.
"वहीत नको लिहू."
"लिहावं लागेल, आई."
"मग गोळी बंद करतेन?"
"व्हय. बहुतेक."
"बोटं आठ दिवसांत भरतेन. गुडघा भरंल का?" मग भिंतीकडे बघत, "संडासातून उठताना रोज रडायची मी. नळ सोडून. तुला ठाऊक नाय."
ठाऊक होतं. मी दाराबाहेर उभी असायचे.

११ जाने.
बोटं बघून आले तीनदा. ती झोपलेली, पाय सरळ करून. कित्येक महिन्यांत अशी झोपली नव्हती.
गॅसपाशी जाऊ द्यायचं नाही, पाणी मी काढायचं, चहा मी निववायचा, असं करून भागेल का? माझं लक्ष किती दिवस...

१२ जाने., सकाळी
आज तपासणी. आईने लांब बाह्यांचा स्वेटर घातलाय, हात पदराखाली. दोन मजले एकटीच उतरली, कठडा न धरता. खालून हाक मारतेय, "शोभे, रिक्षा थांबलीय. चल की."
गोळ्यांच्या वहीत दहा तारखेचं पान उघडंच आहे. पहिल्या रकान्यात शून्य. दुसरा कोरा.
वही आणि हेच पेन पर्समध्ये टाकतेय.