वेल नसलेलं झाड

विल्लान्य, १२ ऑक्टोबर १९७१

ती. लेनार्दभावजींस, पिरोश्काचा शि. सा. न. वि. वि.

आलुबुखाराचा मुरांबा पोचला असेल. गुडघ्याला हंसाची चरबी चोळत जा. एवढं मायेचं झालं, आता रागाचं लिहिते.

काल दफनभूमीत गेले, तर अंब्रुशच्या कबरीवर दगड उभा. रीतीप्रमाणे त्याच्या नावाखाली माझं नाव, जन्मसाल आणि पुढे मृत्यूच्या सालासाठी मोकळी जागा हवी होती. जन्मसाल आहे, मोकळी जागाही आहे. नावाच्या जागी मात्र तुम्ही 'विदुआ' असा एक लॅटिन शब्द कोरून घेतलात. विधवा. मला विचारलंसुद्धा नाही.

पाथरवट बोनिफाक म्हणतो, काम थोरल्या मास्तरांनी सांगितलंय, त्यांच्या चिठ्ठीशिवाय छिन्नी लावणार नाही. एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, सारा गाव शेवंती आणि मेणबत्त्या घेऊन तिथे येईल. त्याआधी चिठ्ठी पाठवा. दगडावर 'चोर्बा पिरोश्का' हवं.

लोभ कमी झालेला नाही, पण आज तो मागेच राहिलाय.

पिरोश्का

---

पेच, १६ ऑक्टोबर १९७१

गं. भा. गेरेन्चेर अंब्रुशने हिस, अ. उ. आ.

मुरांबा उत्तम. पत्र तिखट.

तीस वर्षं मी पोरांना लॅटिन शिकवलं. आपल्या पूर्वजांच्या चर्चमधल्या नोंदी त्याच भाषेत आहेत आणि त्यांत तुझ्यासारखीला 'विदुआ'च लिहिलंय. जुना, मानाचा शब्द आहे. थेट हिंदुस्थानातल्या 'विधवा'शी त्याचं नातं आहे. आपला हंगेरियन 'ओझ्वेज' कुठून आला ते नक्की सांगताही येत नाही. माहेरचं नाव कोरलंस तर गाव म्हणेल, बाईनं नवरा टाकला. अंब्रुशला हे आवडलं नसतं.

डोकं थंड ठेव आणि लोभ वाढव.

लेनार्द

---

विल्लान्य, २० ऑक्टोबर १९७१

ती. भावजींस, सा. न. वि. वि.

अंब्रुशला काय आवडलं असतं ते मला सांगू नका. सात महिने तो अंथरुणावर होता. मी शाळेत चारच वर्षं गेले, हे तुम्ही लग्नातच सगळ्यांना ऐकवलं होतंत. त्याच्या उशाशी बसून मी त्याचाच लॅटिन कोश मोठ्यानं वाचायची. चुकले की तो डोळे मिटूनच हसायचा. आम्ही 'एस'पर्यंत पोचलो होतो. 'व्ही' मी एकटीनं वाचलं.

त्यात तुमच्या मानाच्या शब्दाचा अर्थ दिलाय: हिरावून घेतलेला, रिकामा. ज्या झाडावर द्राक्षाची वेल नाही, त्या झाडालाही म्हणे हेच म्हणत. तुम्हाला वाटत असेल अंब्रुश झाड होता आणि मी वेल. आमच्या मळ्यात वेली खांबांवर चढतात, भावजी, आणि खांब दर वर्षी मी ठोकते. यंदाही ठोकले. तो नाही म्हणून घर रिकामं आहे. मी रिकामी नाही.

आपल्या 'ओझ्वेज'चं कूळ लागत नसेल, पण तो शब्द बाईला आणि बाप्याला सारखाच लागतो. एतेल्कावहिनी जाऊन चार वर्षं झाली. तुमच्या दारावरच्या पाटीवर तो कधी लागला? मला मात्र पोस्टमनसुद्धा गं. भा. म्हणतो. लग्न झालं तेव्हा नवऱ्याच्या नावाला बायकोचा 'ने' जोडून तुम्ही लोकांनी माझं नाव गिळलंत. जिवंतपणी चालवून घेतलं. दगडावर चालवून घेणार नाही.

चिठ्ठी आली नाही तर माझा दगड मी दफनभूमीच्या दुसऱ्या टोकाला लावीन. मग अंब्रुशच्या शेजारची जागा रिकामी राहील, आणि तुमचा शब्द तेवढा खरा होईल.

तुमच्या तब्येतीची काळजी आहेच. ती रागाला विचारून येत नाही.

पिरोश्का

---

पेच, २६ ऑक्टोबर १९७१

चोर्बा पिरोश्का हिस, अ. उ. आ.

बोनिफाकला चिठ्ठी सोबत आहे. तुला हवं तेच लिहिलंय.

रागावून तुला उत्तर लिहायला बसलो होतो. ते तसंच टाकून एतेल्काची कबर साफ करायला गेलो. तिच्या दगडावर 'गेरेन्चेर लेनार्दने' एवढंच आहे. ते मीच सांगितलं होतं. शेजारच्या कबरीवर आलेल्या बाईनं विचारलं, यांचं नाव काय हो होतं. मी एतेल्का म्हणालो. माहेरचं आडनाव विचारलं, ते पटकन आठवेना. घरी येऊन लग्नाचा दाखला काढावा लागला.

चिठ्ठीत दुसरंही एक काम लिहिलंय. तुझं झालं की बोनिफाकला पेचला पाठव. एक तारखेच्या आत होणार नाही, माहीत आहे.

बरणी धुऊन ठेवली आहे. राग असू दे, पत्रं थांबवू नकोस.

लेनार्द