लग्नाच्या रिळातला टँकर

१७ एप्रिल १९८३, लातूर
रेणापूरजवळच्या वाडीत, सरकारी टँकरचा ठेका घेतलेल्या गुत्तेदाराच्या पोरीचं लग्न काढून आलो. अंगाची आग होऊन राहिली. उन्हानं नव्हे.
आठ दिवसांनी आज वाडीला पाण्याचा सरकारी टँकर आला, तो थेट मांडवामागं, वऱ्हाडाच्या हौदावर. बाया घागरी घेऊन धावल्या. बौद्धवाड्यातली म्हातारी गयाबाई पुढं. गुत्तेदाराच्या भावानं तिला ढकललं. मनगट मोडलं.
माझं फिल्मचं मशीन चालूच. रीळ संपेस्तोवर काढत राहिलो, तिला उचलायला गेलो न्हाई. स्वतःच्याच थोबाडीत मारावी वाटते.

१९ एप्रिल
रिळं धुवायला मुंबईला टपालानं लावली. गयाबाईचा लेक दत्ता भेटला.
"ठाण्यात लिहून घेतलं, म्हातारी आपसूक पडली. साक्षीला कोन हाय म्हनतात."
रीळ तर येऊ दे, अशी मनाची समजूत घातली. भेकड.

६ मे
रिळं आली. दुपारी खिडक्या लावून भिंतीवर पाहिली. अक्षता, पंगत, नवरीचं लाजणं... मग टँकर. भावाचा हात स्पष्ट. घागर घरंगळत जाते. मुकं चित्र, पण कानात म्हातारीची किंकाळी.
बायको मागं उभी. "तुम्ही उभं राहून हेच काढत व्हता व्हय?"
रीळ उलटं गुंडाळत बसलो.

७ मे
टँकरचा अर्ज घेऊन कलेक्टर कचेरीत गेलो. जिल्हा नवा, खुर्च्या नव्या, साहेब नवे. अर्ज वाचून म्हणाले, "कोणता टँकर? चौकशी करू." त्यांनी मान वर केली तेव्हा मी ओळखलं.
"साहेब, तुम्ही पण आहात रिळात."
"कशात?"
"पंगतीत. गुत्तेदाराच्या शेजारी."
अर्ज ठेवून घेतला. पोच दिली न्हाई. हरामखोर.

९ मे
गुत्तेदार स्वतः दुकानात. त्याला कोणी सांगितलं ते कळतंय. आधी गोड. "फोटोवाले, जिल्ह्याचे सगळे कार्यक्रम आता तुम्हीच काढा. तेवढा तुकडा जाळा अन् लग्न द्या."
या फिल्मची एकच प्रत असते. जाळली की गयाबाई खोटी ती खोटीच.
कात्री घेतली. लग्न कापून त्याच्या हातात दिलं, टँकर माझ्याकडं ठेवला. म्हणालो, "तुमचं तुम्हाला. पाणी तुमचं नव्हतं."
जाताना बोलला, "तुमचं मशीन फुटंल कधीतरी."

११ मे
अहमदपूरच्या दोन लग्नांची कामं हातची गेली. त्याचाच हात. बायको म्हणते, पोरं घेऊन नांदेडला भावाकडं जाऊ, रीळ पण नेऊ. तिच्यावर ओरडलो. तिचा काय दोष.
नंतर दत्ता आला. "गावात दाखवता का?" हाव म्हणालो. न्हाई म्हणायची ताकदच न्हाई उरली.

१४ मे, वाडी
दुपार. विहारात बसून लिहून राहिलो. खिडक्यांना गोणपाट, भिंतीला पडदा म्हणून धुतलेलं धोतर. वीज गेलीय, ती आली की रीळ लावायचं. आत भट्टी. वरल्या आळीच्या बायाही आल्यात. त्या दिवशी त्यांच्याही घागरी रिकाम्याच गेल्या.
गयाबाई पुढं, हात प्लास्टरात. "लाव रं बाबा. म्या पडले का पाडलं, मला बी बघू दे."
दारात गुत्तेदाराचा भाऊ, संग चौघं. तोही विजेची वाट बघून राहिला.
तास झाला. एक बाई उठली न्हाई.