बाहेर पडल्याची सही

प्रति,
मा. अधीक्षक,
टॅमरॅक खोरे सायकलवाट (जुना लोहमार्ग),
स्टेनसन डेपो, विस्कॉन्सिन.

विषय : बोगदा क्र. ३ च्या पूर्व तोंडाच्या नोंदवहीतील दिवंगत मर्ल न्योगार्ड यांची बाहेर पडल्याची सही रद्द करण्याबाबत, तसेच ता. २९ एप्रिल ते ३ मे या पाच दिवसांच्या सायकल प्रवासाबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, ता. १४ नोव्हेंबर २०२३. २) आपले पत्र, ता. ९ जानेवारी २०२४. ३) आपण बोगद्याच्या तोंडाशी लावलेला फलक.

महोदय,

मी, आर्डिस न्योगार्ड, वय ७१, राहणार ऑस्टबी, आपल्याला या विषयावर तिसऱ्यांदा लिहीत आहे. पहिले दोन अर्ज मी थोडक्यात लिहिले. थोडक्यात लिहिले की थोडक्यात नकार येतो, असा अनुभव आला. म्हणून या वेळी सगळे लिहिते. कृपया बसून वाचावे.

१. माझे पती मर्ल ऑस्टबीच्या चीज कारखान्यात यंत्रदुरुस्ती करत. निवृत्त झाल्यावर सलग अकरा हिवाळे त्यांनी एकच काम केले. आपल्या सायकलवाटेवरून एकशे अठरा मैल पाच दिवसांत कसे जायचे, याची आखणी. जानेवारी लागला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरायचा, आणि बर्फ वितळेपर्यंत आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवायचो. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने प्रत्येक दिवसाचा रकाना असे : मैल किती, पाण्याचा नळ कुठे, पंक्चर काढायला सावली कुठे, तंबूची जागा कोणाची, कोणत्या गावात शुक्रवारी तळलेला मासा चांगला मिळतो. ते म्हणत, "आगगाडीला चढ चढायचा कंटाळा होता, माझ्या गुडघ्यांनाही आहे. ही वाट आपल्यासाठीच केलीये बघ." मी म्हणायची, "मग निघायचं कधी? का नकाशावरच म्हातारं व्हायचं?" यावर ते "हं" म्हणत. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी निम्मी उत्तरे 'हं' हीच ऐकली आहेत, आणि त्या एका अक्षरावरून मला त्यांचे सगळे कळत असे. असे मी समजत होते.

२. दर वर्षी काहीतरी आडवे येई. एकदा माझा खुबा, एकदा त्यांच्या बहिणीचे आजारपण, एकदा वादळाने उडालेले गोठ्याचे छप्पर. अखेर गेल्या वर्षी, सोमवार ता. ९ ऑक्टोबर २०२३ रोजी, आम्ही खरोखरच निघालो. पहिल्या दिवशी सव्वीस मैल, दुसऱ्या दिवशी बावीस. बारीक खडीची वाट, दोन्ही बाजूंना पिवळी पडलेली मॅपलची झाडे, आणि मर्ल माझ्यापुढे पन्नास हात. ते कधीही थांबत नसत. पुढे जायचे, नळावर बाटल्या भरून ठेवायच्या, तंबूची जागा बघून ठेवायची, आणि मी धापा टाकत पोचले की म्हणायचे, "आली का गोगलगाय?" त्या दोन दिवसांत मी त्यांना इतके हसताना पाहिले की अकरा हिवाळ्यांचा माझा राग गेला. हे अर्जात लिहिण्याचे कारण नाही, तरी लिहिते.

३. तिसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी, आम्ही बोगदा क्र. ३ च्या पश्चिम तोंडाशी पोचलो. दोघांनी आत जाण्याच्या वहीत आपापली सही केली. नियमाप्रमाणे सायकलवरून उतरलो. आत पाऊण मैल काळोख आहे, वरून पाणी गळते, आणि मी बोगद्याला घाबरते. मर्ल म्हणाले, "चल गं बसवाली, पलीकडे उजेडच आहे." ते पुढे झाले, मी मागे.

मध्यावर जिथे पाण्याची धार सर्वांत जास्त आहे तिथे माझा दिवा विझला. मी ओरडले, "मर्ल, थांब, माझा दिवा गेला." पुढे त्यांचा पांढरा दिवा दिसत होता. तो थांबला. मग पुन्हा चालू लागला, पण हळू, माझ्या पावलाच्या बेताने. मला बरे वाटले, कारण ते असे कधी थांबत नसत. मी त्या दिव्यामागे चालत राहिले आणि भीती वाटू नये म्हणून बोलत राहिले. आज सँडविच ओले झाले असतील, स्टेनसनला गरम सूप घेऊ, पुढच्या वर्षी तुझ्या भावालाही आणू, असे काय वाटेल ते. प्रत्येक वाक्यानंतर पुढून "हं" येत होते. ढकलत नेलेल्या सायकलच्या मागच्या चाकाची टकटकही येत होती. मी ती मोजत नव्हते, पण ती दोन सायकलींची होती असे मी शपथेवर सांगते.

४. बाहेर पडले तेव्हा उजेडाने डोळे दिपले. समोर कोणी नव्हते. मी मनात म्हटले, गेला पुढे, नेहमीप्रमाणे. पूर्व तोंडाची वही उघडली, तर त्यांची सही नव्हती. मी मान हलवली, माझी सही केली, आणि खाली त्यांचीही सही करून टाकली. वेळ लिहिली ३.५२.

महोदय, आमच्या घरात मर्लची सही मीच करत आले आहे. नाताळची कार्डे, चर्चच्या सामूहिक जेवणाची यादी, मुलींच्या शाळेचे कागद, शेजाऱ्यांच्या लग्नाची भेटवही, सगळीकडे. ऑस्टबीतल्या कोणत्याही बाईला विचारा, तिने नवऱ्याची सही केलेली नाही असे एकही घर निघणार नाही. नवरे गाडी लावायला जातात, आणि वही दारात असते. मी त्या सवयीने सही केली, आणि उताराने तीन मैल सायकल सोडून दिली.

५. स्टेनसनच्या तळावर मर्ल नव्हते. मला वाटले जुनी दूधडेअरी बघायला गेले असतील, यंत्र दिसले की त्यांचा पाय निघत नाही. मी तंबू उभा केला. साडेपाच वाजले. साडेसहा वाजले. सात वाजता मी आपल्या कार्यालयात फोन केला.

आपला नियम क्र. ९ असा आहे की, संध्याकाळी पाच वाजता बोगदेवाल्याने दोन्ही वह्या ताडून पाहाव्यात. आत गेलेल्या माणसाची बाहेर सही नसेल, तर घरी जाण्यापूर्वी त्याने दिवा घेऊन आत जावे आणि भिंतीत माणूस मावेल असे जे कोनाडे आहेत त्या प्रत्येकापाशी थांबून त्या माणसाला नावाने हाक मारावी. हा नियम आगगाडीच्या काळापासूनचा आहे. हिवाळ्यात भिंती गोठून फुटू नयेत म्हणून बोगद्याची लाकडी दारे बंद करत, आणि ती लावण्याआधी पहारेकरी अशीच हाक मारत. मर्लला हा नियम फार आवडायचा. त्या दिवशी पाच वाजता आपले बोगदेवाले श्री. एल्डन क्रुगर यांनी वह्या ताडल्या. दोन आत, दोन बाहेर. ते घरी गेले.

मर्ल सव्वाआठला सापडले. पश्चिमेकडून सहाव्या, म्हणजे मध्यावरच्या, कोनाड्यात बसलेले होते. सायकल भिंतीला नीट टेकवलेली. त्यांचा दिवा बंद होता, पण बटण दाबल्यावर लागला. डॉक्टरांनी लिहून दिले आहे की हृदय बंद पडण्याची वेळ साडेसहाच्या सुमाराची असावी. म्हणजे पाच वाजता ते जिवंत होते, सव्वापाचला होते, सहालाही होते.

६. श्री. क्रुगर मला दफनाच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर भेटले. टोपी हातात धरून म्हणाले, "बाई, वही जुळली होती हो. न जुळती तर मी गेलो असतो. मी घरी सूप पीत बसलो होतो त्या वेळी." त्यांचा काडीमात्र दोष नाही, आणि त्यांना कामावरून कमी केल्याचे कळले, ते मागे घ्यावे. दोष माझा आहे. मी एकतीस वर्षे शाळेची बस चालवली. शेवटचे मूल उतरल्यावर रोज बसच्या मागच्या बाकापर्यंत चालत जाऊन, प्रत्येक बाकाखाली वाकून बघितल्याशिवाय मी कधी बसचे दार लावले नाही. आणि माझा स्वतःचा माणूस बाहेर आला की नाही, हे मी बघितले नाही. मी त्याला सहीने बाहेर काढले.

७. आता आपल्या पत्रांविषयी. पहिल्या पत्रात आपण लिहिले की नोंदवही हा अधिकृत दस्तऐवज आहे, आणि त्यानुसार श्री. न्योगार्ड ३.५२ ला बोगद्याबाहेर आले. त्यानंतर ते नोंद न करता परत आत गेले असले पाहिजेत, आणि हा नियमभंग आहे. मी उत्तर दिले की ती सही मी केली. दुसऱ्या पत्रात आपण लिहिले की सहीची श्री. न्योगार्ड यांच्या वाहन परवान्यावरील सहीशी तुलना केली असता ती त्यांचीच असल्याचे आढळले. महोदय, परवान्यावरचीही मीच केलेली आहे. फॉर्म खिडकीवर देऊन ते गाडी लावायला गेले होते. पुढे आपण लिहिले की सही चुकीची असल्यास ज्याची सही आहे त्याने समक्ष येऊन अर्ज करावा.

ते समक्ष येतील असे आपल्याला वाटत असेल, तर तसे कळवावे. मी त्यांना सांगून बघेन. आजकाल मी त्यांच्याशी बोलते आणि उत्तर येते.

त्यानंतर आपण बोगद्याच्या तोंडाशी फलक लावला : "बाहेर पडल्यावर परत आत जाऊ नये. गेल्या वर्षी एका सायकलस्वाराने हा नियम मोडल्याने त्याचा मृत्यू झाला." लिंडेन गावच्या कॅफेतली बेव्ह मला सगळ्यांसमोर विचारते, "तुमच्या मर्लला परत आत जायची एवढी काय घाई होती गं? काय विसरलं होतं त्याचं?" ज्या माणसाने आयुष्यात रिकाम्या रस्त्यावरही लाल दिवा तोडला नाही, त्याचे नाव आता खोऱ्यात नियम मोडणारा म्हणून घेतले जाते. मला हे सहन होत नाही.

८. या जानेवारीत मी नकाशा टेबलावर पसरला. का, ते माहीत नाही. हात गेला. त्यांचा चौकटीचा कागद काढला आणि तिसऱ्या दिवसाचा रकाना पहिल्यांदा नीट वाचला. त्यात लिहिले आहे : "बोगदा, २५ मि. आर्डिस घाबरते. सहाव्या कोनाड्यात बाजूला होऊन तिला पुढे काढायचे, आपण मागे राहायचे. दिवा बंद करायचा, म्हणजे तिला पलीकडचा उजेड दिसेल."

म्हणजे सहाव्या कोनाड्यापासून मर्ल माझ्या मागे होते. त्यांनी मला पुढे जाऊ दिले आणि दिवा बंद केला. मी त्यांच्यापासून चार हातांवरून गेले असेन. मग मी ज्या दिव्यामागे चालले तो कोणाचा होता, आणि मला "हं" कोण म्हणत होते, हे मला सांगता येत नाही. श्री. क्रुगर म्हणाले, "बाई, मध्यावर सगळ्यांनाच पुढे कोणीतरी दिसतं. आम्ही ते वहीत घेत नाही." हे आपल्या माहितीसाठी कळवते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याने कोणी मला बाहेर आणले त्याने वाईट हेतूने आणले नसावे. पण मर्ल मागून म्हणत असतील, "आर्डिस, जरा थांब," आणि मी पुढच्याशी सूपाविषयी बोलत होते, हा विचार मला जेवू देत नाही.

९. करिता विनंती खालीलप्रमाणे.

गेल्या वर्षीची वही ता. ३० एप्रिलला बंद होऊन जुन्या कागदपत्रांत जमा होते, असे मला कळले आहे. त्याआधी मर्ल न्योगार्ड यांची बाहेर पडल्याची सही माझ्या कबुलीवरून खोडावी, आणि फलक काढावा.

सही खोडल्यावर एक माणूस आत गेला आणि बाहेर आला नाही, अशी नोंद उरते. अशी न मिटलेली नोंद नव्या वहीच्या पहिल्या ओळीत चढवावी लागते, हेही आपल्याच नियमात आहे. हिवाळ्यात बंद केलेली बोगद्याची दारे ता. १ मे रोजी, बुधवारी उघडतात. मी सोमवारी २९ एप्रिलला ऑस्टबीहून निघत आहे, मर्लच्या आखणीप्रमाणेच, आणि तिसऱ्या दिवशी तिथे पोचेन. त्या संध्याकाळी पाच वाजता वह्या ताडल्या जातील आणि एक माणूस कमी भरेल. मग नियम क्र. ९ लागू होतो, आणि आपल्या माणसाला दिवा घेऊन आत जावेच लागेल.

तिथे कोणी सापडणार नाही, हे मला माहीत आहे. मी त्यांना मातीत ठेवले आहे, वर दगडही लावला आहे. पण त्या बुधवारी पाचपासून साडेसहापर्यंत ते तिथे बसले होते आणि कोणी त्यांना हाक मारली नाही. ती हाक त्यांना मिळायची राहिली आहे. ती एकदा मारली जावी, प्रत्येक कोनाड्यापाशी थांबून, मोठ्याने, नावाने. श्री. क्रुगर यांना पाठवल्यास बरे. ते तयार नसतील किंवा आपल्याकडे माणूस नसेल, तर दिवा मला द्यावा. मी बोगद्याला अजूनही घाबरते, पण जाईन, आणि या वेळी पुढून कोणीही उत्तर दिले तरी सहाव्या कोनाड्यापाशी थांबेन.

उत्तर २९ एप्रिलपूर्वी द्यावे. न आले तरी मी निघालेली असेन.

आपली, अकारण त्रास देत नसलेली,

(सही)
आर्डिस न्योगार्ड
(ही सही माझी स्वतःची आहे.)

ऑस्टबी, ता. ४ मार्च २०२४

सोबत :
१) मर्ल यांची सही, माझ्या हाताने, एका कागदावर तीस वेळा.
२) डॉक्टरांच्या दाखल्याची प्रत.
३) तिसऱ्या दिवसाच्या रकान्याची प्रत. मूळ कागद देता येणार नाही, तो प्रवासात लागणार आहे.