सालीसकट वाडगा

शुक्रवार, ६ जुलै

टक, टकटक. टक, टकटक.

मिस ओल्डमेडोंची पट्टी! बाकावर ठेका धरायच्या आणि आम्ही सगळी पोरं एका सुरात—

थांब नावाड्या, थांब जरा,
अजून कुणी आहे तिकडच्या तीरा.

सत्तर वर्षं होऊन गेली असतील. वर्ग गेला, बाई गेल्या, शाळेच्या जागी आता सफरचंदांचं गोदाम आहे. पट्टीचा आवाज तेवढा राहिला. आज सकाळी अंथरुणातच ऐकला आणि वाटलं, चला, दिवस बरा जाणार.

कसला बरा!

दहाच्या सुमाराला माझ्या दोस्ताची, मर्व्हची गाडी फाटकाशी लागली. मागे लाकडाचे ओंडके. मर्व्ह उतरला, पण नेहमीसारखा हाका मारत आला नाही. टोपी काढून हातात धरली. ह्या माणसानं स्वतःच्या लग्नातसुद्धा टोपी काढली नव्हती.

"कविराज, आधी ऐकून घे, मग शिव्या दे," म्हणाला. "पॅडीच्या वळणावरचं ब्लॅकवुडचं झाड तोडलं रस्तेवाल्यांनी. रस्त्यावर कलत होतं म्हणे. मी तिथंच होतो. एवढं चांगलं लाकूड चुलीत घालायला माझं मन होईना, तुझ्या वाडग्यांसाठी आणलं. तुला नको असेल तर सांग, घरी नेऊन जाळतो."

मग म्हणाला, "उतरवू का?"

मी मान हलवली. का हलवली, देव जाणे.

पॅडीचं वळण. त्याच झाडावर रसेलनं गाडी घातली. माझ्या पोरानं. क्लबातून पिऊन निघाला होता आणि शेजारच्या सीटवर टॅम्सिन पेडर, लोर्नाची मुलगी. "पाऊस आहे, सोडतो तुला घरी," म्हणाला होता तिला. एकोणीस वर्षांची पोर. बेकरीत पाव द्यायची, नेहमी एखादा बन जास्तीचा घालायची. ती तिथेच गेली. रसेलला खरचटलंसुद्धा नाही.

एलस्पेथ हे बघायला राहिली नाही. बायको आधी गेली याचं बरं वाटावं, असेही दिवस येतात.

शनिवार, ७ जुलै

ओंडक्यांवर ताडपत्री टाकली. वारा सुटला की फडफडते. खिडकी लावून घेतली.

मंगळवार, १० जुलै

ताडपत्री काढली.

लाकूड सुरेख आहे. हे लिहितानाही लाज वाटते, पण आहे! काळसर तपकिरी गाभा, भोवती फिकट पिवळी पट्टी आणि त्यावर साल. इथं जुलै म्हणजे भर हिवाळा; त्यात झाड पडलं, म्हणून साल घट्ट. वसंतात पाडलं असतं तर रस चढलेला असतो, साल हातात सुटून येते. मग सालीसकट वाडगा करायचं नावच नको.

एका ओंडक्यावर तो व्रण. साल फाटून पुन्हा गोळा झालेली, जखम भरते तशी. कडा सुजल्यासारख्या. आणि एका भेगेत निळ्या रंगाचा कपचा. करंगळीच्या नखाएवढा. रसेलच्या गाडीचा निळा.

तो तुकडा कापून काढायला करवत उचलली. खाली ठेवली. पुन्हा उचलली. शेवटी ओंडका असा चिरला की व्रण बरोबर वरच्या बाजूला राहिला. वाडग्याच्या काठावर यावा असा.

विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. शेडमध्ये वरच्या फळीवर राहील. कुणाच्या तरी हातून त्याला आकार मिळायला हवा होता. चुलीत जाण्यापेक्षा बरं.

गुरुवार, १२ जुलै

आज लेथवर चढवला.

सालीसकट वाडग्याचा काठ सरळ नसतो, झाडाच्या अंगासारखा वरखाली असतो. फिरायला लागला की काठ दिसतच नाही. नुसती सावली दिसते, भुतासारखी. त्या सावलीत पटाशी घालायची. एकदा लाकूड लागतं, एकदा हवा. लाकूड, हवा. लाकूड, हवा. डोळ्यांचं काम नाही ते, कानांचं.

टक, टकटक. टक, टकटक.

मिस ओल्डमेडो! तीच पट्टी. मी लेथसमोर उभा राहून मोठ्यानं कविता म्हणत होतो. म्हातारा वेडा झाला म्हणायचं कुणी. सगळी आठवली, फक्त शेवटच्या दोन ओळी नाही. नावाडी थांबतो की नाही, ते काही केल्या आठवत नाही.

लाकूड ओलं होतं, लांब लांब फिती निघाल्या. अंगावर, केसांत, कॉलरमध्ये. भिंत पातळ होत गेली तसा आवाज चढत गेला. एकदा पटाशी अडकली, अंगठ्याला फटका बसला. नख काळं पडलंय.

साल निघू नये म्हणून काठावरून पातळ गोंद सोडतो मी. सगळीकडे सोडला. निळ्या ठिपक्यापाशी आलो आणि हात पुढे गेला नाही. गोंदानं रंग झाकोळला असता. राहू दिला तसाच.

शनिवार, १४ जुलै

तुरुंगात रसेलला भेटून आलो. जाताना दोन बस, येताना दोन. त्या भेटीच्या खोलीत सगळ्यांच्या चहाला एकच वास येतो.

बारीक झालाय. सप्टेंबरात सुटणार. मी म्हटलं, "तुझी खोली रंगवून घेतोय. हीटरसाठी लाकूडही रचून ठेवलंय."

"बाबा," म्हणाला, "गावात मी राहू कसा? दुकानात पाव आणायला गेलो आणि समोर लोर्ना उभी असली तर?"

"तर पाव घ्यायचा आणि घरी यायचं."

"तुम्हाला सोपं वाटतं."

"मला काहीच सोपं वाटत नाही, रसेल. मला एवढंच वाटतं की मी मरेन तेव्हा घरात दुसरं कुणीतरी असावं."

बोलायचं नव्हतं हे. बोलून गेलो. त्यानं चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "बरं. येतो. बघू."

येतो म्हणाला! येतो.

निघताना विचारलं, "ते झाड आहे का अजून?"

मी म्हटलं, "आहे."

का खोटं बोललो? तो रस्ता त्याला रोज लागणार. त्याला वाटलं असतं झाडही मारलं आपण. का दुसरंच काही होतं माझ्या मनात? माझं मलाच कळत नाही.

रविवार, २२ जुलै

वाडगा सुकला. सुकताना वाकला, लंबगोल झाला. दोन तळव्यांची ओंजळ करावी तसा. तेल दिलं. गाभा असा उजळला की मी बराच वेळ नुसता बघत उभा.

सही केली आणि फळीवर ठेवून दिला.

गुरुवार, २६ जुलै

सर्दी, ताप. मर्व्हनं मटणाचं सूप आणून दिलं. "हॉलच्या छपरासाठी शनिवारी जत्रा आहे, तुझे वाडगे मीच नेतो, तू पडून राहा," म्हणाला. चांगला माणूस. सूप मात्र खारट.

शनिवार, २८ जुलै

सगळं संपलं.

दुपारी मर्व्ह आला तो खुशीत. "कविराज, एकूण एक खपलं! हॉलचं छप्पर झालं म्हणून समज!" मी अंथरुणातून उठून शेडमध्ये गेलो. वरची फळी रिकामी.

"मर्व्ह, ह्या फळीवरचा कुठे आहे?"

"नेला की. सगळ्यात देखणा तोच होता. का रे?"

मी तिथल्या खोक्यावर बसलो. मर्व्हला काही कळेना. डॅफ्नीला फोन केला, जत्रेत आमच्या टेबलावर विकायला तीच होती. तिचा आवाज बारीक झाला. म्हणाली, "लिंडसे, तो लोर्ना पेडरनं घेतला."

"लोर्नानं?"

"हातात घेतला, उलटा केला, खालचं वाचलं. पुन्हा वाचलं. मी म्हटलं गुंडाळून देते. ऐकलंच नाही तिनं. छातीशी धरला आणि तशीच बाहेर गेली. काय लिहिलं होतंस रे खाली?"

काय लिहिणार! आयुष्यभर प्रत्येक वाडग्याखाली लिहीत आलो तेच. लाकूड कुठलं, जागा कुठली, ऋतू कोणता. जे झाड उभं नाही त्याचा पत्ता लिहावा, असं माझ्या गुरूनं शिकवलं होतं. हात आपला लिहून गेला—

ब्लॅकवुड. पॅडीचं वळण. हिवाळा. लि. त्रेगेना.

मर्व्ह डोकं धरून बसला. "मी गाढव आहे," म्हणाला. म्हटलं, "गाढवानं फक्त ओझं वाहिलं. लिहिलं मी."

मंगळवार, ३१ जुलै

दुकानात गेलो. दूध, चहा, काडेपेटी. माझ्यामागे डॅफ्नीचा नवरा नॉर्म उभा होता. मोठ्यानं म्हणाला, "बाप-लेक दोघंही त्याच झाडाच्या मागे लागले. एकानं फोडलं, दुसऱ्यानं कोरलं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

काडेपेटी काउंटरवरच राहिली.

गुरुवार, २ ऑगस्ट

लोर्नाच्या घरावरून बस जाते. आज नजर खाली ठेवली होती, तरी दिसलं. पडदे ओढलेले. धुराड्यातून धूर.

जाळला असेल का? जाळला तर तिचा हक्कच आहे. पण मग तो निळा ठिपकाही...

जाऊन माफी मागू? कोणत्या तोंडानं! रसेलच्या वेळी गेलो होतो, दार उघडलं नव्हतं तिनं. आतून रेडिओचा आवाज मोठा केला. त्यानंतर आजवर माझ्याशी एक शब्द नाही. आधी बेकरीसमोर भेटली की म्हणायची, "लिंडसे, एखादी कविता होऊ दे!"

रविवार, ५ ऑगस्ट

चार वाजता रसेलचा फोन. रविवारी असतोच. आज "हॅलो"सुद्धा नाही.

"तुम्ही म्हणालात झाड आहे."

त्याला कुणी सांगितलं, विचारलं नाही. अशा गोष्टी भिंतींमधून जातात.

"रसेल, ऐक तर."

"ते झाड तोडलं, तुम्ही त्याचा वाडगा केला आणि तो तिच्या आईच्या हातात गेला. एवढं खरं आहे का?"

"खरं आहे. पण मी दिला नाही, तो चुकून—"

"बाबा, मी घरी येत नाही. सुटलो की उत्तरेला जाईन. तिकडे मासेमारीच्या बोटींवर माणसं लागतात. मला कुणी ओळखणार नाही."

"मी ओळखतो ना तुला."

मग म्हणाला, "खोली रंगवू नका." आणि ठेवला.

खोली रंगवून झाली आहे. फिकट पिवळी. त्याच्या आईला आवडायचा तो रंग.

बुधवार, ८ ऑगस्ट

लेथवर चादर घातली. पटाश्यांना तेल लावून कपड्यात गुंडाळल्या. मर्व्ह म्हणाला, "हात गेले की माणूस जातो, कविराज." म्हटलं, हात आहेत. डोक्यानं वेळेवर अडवलं नाही त्यांना, एवढंच.

शुक्रवार, १० ऑगस्ट

पाऊस. दिवसभर कुणाशी बोललो नाही. संध्याकाळी सहज तोंडातून "थांब नावाड्या" निघालं आणि स्वतःच्याच आवाजाला दचकलो.

रविवार, १२ ऑगस्ट

दुपारी दार वाजलं. मर्व्ह दार वाजवत नाही, लाथ मारतो. दुसरं कुणी येत नाही.

उघडलं. लोर्ना.

केस पूर्ण पांढरे झालेत. काखेत वाडगा, मुठीत चुरगाळलेला रुमाल. मी काहीतरी बोलायला गेलो, तिनं हातानंच थांबवलं.

"मिस्टर त्रेगेना, साल सुटली." रुमाल उघडला. व्रणाचा तो तुकडा, निळ्या ठिपक्यासकट. "मी त्यात काही ठेवत नाही. नुसता खिडकीत असतो. आज पडदा ओढताना पडली. चिकटवता येते का?"

"येते."

"रंग घासून काढू नका. तसाच राहू दे."

"नाही काढणार."

ती दारातच उभी. मी बाजूला झालो तशी आत आली, हीटरपाशी हात धरले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तो सुटतोय ना आता?"

"सप्टेंबरात. पण घरी येत नाही म्हणतो."

"मग कुठे जाणार?"

मी तिच्या हातून रुमाल घेतला. तिनं खुर्ची ओढली आणि बसली. रसेलची खुर्ची. तिला काय माहीत!

साधा गोंद लावून साल जागेवर बसवली. निळा ठिपका बरोबर आपल्या जागी आला. वरून दोऱ्यानं बांधली.

"वाळायला किती वेळ?"

"तासभर तरी," म्हटलं. क्षणात वाळणारा गोंद फडताळात आहे. तो काढला नाही.

"थांबते मग," म्हणाली.

तिला चहा दिला आणि हे लिहायला आत आलो. चार वाजत आलेत. मघाशी तिला सांगितलं, आता रसेलचा फोन येईल. आला तर येईल. ती उठून जाते का, खुर्ची मागे सरकल्याचा आवाज होतो का म्हणून कान देऊन बसलोय.

अजून नाही झाला.