एक ओळ खोडली, बाबा

प्रिय बाबा,

साष्टांग नमस्कार मागाहून घ्या, आधी बातमी ऐका. आपलं निवेदन आज शहापूरला मुरबाड आणि शहापूरच्या दोन्ही आमदारांच्या हातात दिलं, आणि पोच घेतली! शिक्का, सही, तारीख, सगळं तपासून. तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं ना? म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसले, चहासुद्धा घेतला नाही.

मुरबाडपर्यंत यायची ठरलेली रेल्वे पुढे टोकावडे, वैशाखरे करत घाटाच्या पायथ्यापर्यंत यावी, एवढंच मागणं आहे. तुमचंच जुनं. तुमची निळी पिशवी मी अजून जपून ठेवली आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी तुम्ही लिहिलेल्या निवेदनाची प्रत तिच्यातच सापडली. अक्षर काय होतं हो तुमचं!

ते तुम्ही माझ्यासाठी लिहिलं होतं, हे मला ठाऊक आहे. कल्याणला डी.एड.ला माझा नंबर लागला होता. रोजचं जाणं-येणं एसटीने जमेना, आणि एकट्या मुलीला तिकडे खोली घेऊन ठेवायला आई तयार होईना. मी घरी बसले, मग अंगणवाडीत लागले. आणि तुम्ही कागद घेऊन निवेदन लिहायला बसलात.

पण बाबा, रागावू नका, त्या कागदाची माती तुम्हीच केलीत. पाच गावांनी मिळून जायचं ठरलं होतं, आणि देवळातल्या बैठकीत तुमचं नि टोकावड्याच्या नामूकाकांचं जुंपलं. स्टेशनला नाव कुणाच्या गावाचं? तुम्ही म्हणालात वैशाखरे, ते म्हणाले टोकावडे. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! शेवटी एकाच दिवशी तीन गावांची तीन निवेदनं गेली. कचेरीतले साहेब हसले, आधी तुमचं ठरवून या म्हणाले. पुढे तुम्ही दोघं लग्नकार्यातही एका पंगतीला बसला नाहीत. किती हट्टी होतात हो!

आता तीच पाळी तुमच्या नातीवर आली आहे. पल्लवी कल्याणला नर्सिंग शिकते, खोली घेऊन राहते, रविवारची घरी येते. मला माझी पोर रोज घरी जेवायला हवी आहे. खरं सांगते, मी पुढे झाले ती एवढ्यासाठीच.

बैठक पुन्हा त्याच देवळात झाली. आणि पुन्हा तेच सुरू, निवेदनातल्या यादीत कुणाचं गाव वर लिहायचं! माझं डोकंच फिरलं. उभी राहिले आणि विचारलं, आवणीला आपण एकमेकांच्या शेतावर भाताची रोपं लावायला जातो, तेव्हा मोठ्या घराचं खाचर आधी धरतो का? ज्याचं रोप थांबणार नाही त्याची आवणी आधी, मान मग. हे मला माझ्या बाबांनी शिकवलंय. शेतात कळतं ते देवळात आल्यावर का कळत नाही? मग वरच्या वाडीचं नाव पहिलं लिहिलं. तिथली बाळंतीण अजून झोळीत घालून रस्त्याला आणतात. त्यांना याआधी कुणी सहीसुद्धा विचारली नव्हती. तुम्ही तरी कधी विचारलीत, बाबा?

आज शहापूरला मुरबाडच्या आमदारांनी कागद वाचला आणि नेमका तोच प्रश्न टाकला, स्टेशन कुठे हवं? सगळे नामूकाकांकडे बघायला लागले. काका आता काठी टेकत चालतात, पण आवाज तोच आहे.

"सायेब, तुमच्या इंजिनेराला सपाट जागा गावंल तिथं करा," ते म्हणाले. "आमी चालत येऊ. नावासाठी आमचं काय आडत नाय."

या वेळी कुणी हसलं नाही. अधिवेशनात मांडतो, असं दोघांनीही सांगितलं. मांडतील. नाही मांडलं तर मी आहेच त्यांच्या दारात!

एक गोष्ट कबूल करायची राहिली. निवेदन मी लिहिलंच नाही. तुमचंच उतरवून काढलं, शब्द न् शब्द. फक्त शेवटची ओळ, 'स्टेशन वैशाखरे येथेच व्हावे', तेवढी तुमच्या प्रतीत खोडली. हात धजत नव्हता. वाटलं, तुमच्या मागे तुमचा शब्द मोडते आहे.

परतताना एसटीत नामूकाकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. त्यांच्या त्या वेळच्या निवेदनाची प्रत होती. त्यांची ती ओळ त्यांनी स्वतःच खोडलेली होती. शाई जुनी होती, बाबा. कितीतरी वर्षांपूर्वीची. "तुज्या बापाला दाखवायची ऱ्हायली गो," एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

दोन्ही कागद आता तुमच्या पिशवीत एकत्र ठेवले आहेत, वर आजची पोच. वचन देते, गाडी येईपर्यंत ही पिशवी माझ्या खांद्यावरून उतरणार नाही. आणि खोडलेली ओळ मी कुणाला पुन्हा लिहू देणार नाही, तुमच्या मायेपोटीसुद्धा नाही.

तुमच्याइतकीच हट्टी,
सुमन