द्राक्षांची इर्जिक

१९ फेब्रुवारी

काय गं वही, काल काय सांगितलं ते आठवतंय का? न्हाई ना! लिहिलेलं तुझ्याकडं, ध्यानात माझ्या. अक्षर न शिकल्याचा येवढा तरी फायदा. लिहिणारी नात प्रेरणा हसतीय. हस बाई, पण हे बी लिही.

तर पुन्यांदा सांगते. प्रेरणाच्या भावानं, इंद्रजितनं, मळ्यात द्राक्षं लावली. खायची न्हाईत, वाईनची. पत्र्याच्या शेडात टाक्या मांडल्या. त्यावरून त्याचा बाप, माझा हनुमंत, माळकरी गडी, घर सोडून सारोळ्याला गेला. तिथं पुलाजवळ उसाची रसवंती चालवतो. म्हंजी दोघंबी रसच इकत्यात! एकाचा ताजा, एकाचा शिळा. येवढ्यावरनं बापलेक दोन वर्सं बोलत न्हाईत.

२० फेब्रुवारी

तोडणीची टोळी आलीच न्हाई. टेम्पो भरून दुसऱ्याच्या बागेत गेली. इंद्रजित आभाळाकडं बघतोय, मोबाईलात बी आभाळच बघतोय. पाऊस पडला की मणी फुटणार. "आजी, अवंदाचा माल गेला तर शेड मोडतो नि पुण्याला नोकरी बघतो." जेवला न्हाई. त्याची भाकरी मीच खाल्ली — वाया कशाला!

२१ फेब्रुवारी

पाऊस न्हाई. टोळी बी न्हाई. मलाच काय तरी करायला लागणार, नेहमीसारखं.

२२ फेब्रुवारी

म्या इर्जिक घातली! आमच्या वक्ताला नांगरटीला घालायचे. गावानं बिनमजुरीचं राबायला यायचं, धन्यानं पोटभर जेवू घालायचं. बोलावणं आलं की न्हाई म्हणायचं नसतं.

घरोघर फिरले. सगुणाबाई दारातच आडवी. "दारूच्या द्राक्षाला आमी हात लावायचो न्हाई, आत्याबाई."

म्हणलं, "येलीवर हाय तवर फळच हाय की गं. टाकीत गेल्यावरचं पाप इंद्रजितचं. मटण मातर माझं."

"रस्सा का सुकं?"

"दोन्ही."

येते म्हणाली!

मग सारोळ्याला फोन. "हनुमंता, घरी इर्जिक हाय." तिकडं रसाचं यंत्र बंद केल्याचा आवाज. मग म्हणतो, "आई, ही फसवणूक हाय." "व्हय," म्हणलं नि ठेवला.

२३ फेब्रुवारी

आला! पहिल्या एस्टीनं. स्वतःची कात्री घेऊन. माळ सदऱ्याबाहेर काढलेली — सगळ्यांना दिसावी म्हणून.

निम्मं गाव आलं. बायका घड तोडता तोडता मणी तोंडात टाकायच्या नि थुंकायच्या. "बियाच बिया! ह्याला पैसं देत्यात लोक?"

हनुमंत क्रेट भरून चिंचेखाली आणून ठेवायचा. शेडाकडं तिथनं पुढं पाऊल न्हाई. इंद्रजित येऊन उचलायचा. बोलणं सगळं माझ्यातनं. "आई, त्याला सांग, क्रेटवर क्रेट रचू नको, खालचे मणी चेंगरतात." — "आजी, त्यांना सांग, चेंगरायचेच हायत." मी काय टपालपेटी हाय? दोघांनाबी एकच सांगितलं, "जेवून घ्या!"

दोघांतला जेवला कोण न्हाई. गावाच्या पंगती बसल्या नि वीज गेली. द्राक्षं चिरडायचं मशीन बंद. जनरेटर भोरला दुरुस्तीला. क्रेट तापले की माल नासणार. इंद्रजित शेडाच्या दारात मटकन बसला. पंगत हातातला घास हातात धरून बघायला लागली. हनुमंत चिंचेखाली उभा, पोराकडं बघत.

मी काय सुदीक बोलले न्हाई. प्रेरणा म्हणती, हे कुणाला खरं वाटणार न्हाई. न वाटू दे!

त्याच दिवशी, उन्हं कलल्यावर

प्रेरणा, भांडी राहू दे, आधी लिही. हनुमंत शेडात जाऊन द्राक्षांच्या टपात उतरलाय! पाय धुतले, पायजमा खोचला, म्हणला, "पायाला लागलं म्हंजी काय तोंडाला लागत न्हाई." शेजारी इंद्रजित. दोघंबी ढोपरापातुर जांभळे. नि बोलतायत की — भांडतायत! "टाचेनं नको, चवड्यानं तुडवा." — "तू मला शिकीव!"

शेडात दोन डबे पाठव. एकात मटण, एकात पिठलं. भाकऱ्या मातर एकाच फडक्यात बांध.