वीस तारखेच्या आत पंप

३ मार्च, सकाळ
नाही, नाही आणि शंभरदा नाही. नवा पंप घ्यायचा नाही आणि रोपवाटिका बंदही करायची नाही. लेकीला फोनवर हेच सांगितलं. ती म्हणाली, आई, बाबांना जाऊन दोन महिने झाले, बादल्या उचलून उचलून कमरेचं धनुष्य करून घेशील. मी म्हटलं, होऊ दे, पहिला बाण जावयाला मारते. हसली नाही. पूर्वी हसायची.
वीस तारखेला गाडी घेऊन येणार आहे. तोवर पंप चालू झाला तर मी इथेच राहायचं. नाही झाला तर रोपं विकायची आणि मुकाट्याने तिच्याकडे जायचं.
सतरा दिवस! मला दोन पुरतील. पंपाला झालंय काय, तर कार्बोरेटरमधून पेट्रोल गळतंय. एवढंच. वीस वर्षं ह्यांच्या शेजारी बॅटरी धरून उभी राहिले. दगड असता तर तोही मेकॅनिक झाला असता.

३ मार्च, दुपार
ह्यांनी खोलून ठेवलेला कार्बोरेटर शेडमध्ये वर्तमानपत्रावर तसाच होता. धूळ पुसली. फ्लोट बसवला, रबरी रिंग बसवली, खालची वाटी लावली, बोल्ट आवळला. सगळं जिथल्या तिथे. पेट्रोलचा कॉक उघडला.
वाटीतून धार.
रिंग जुनी झाली असणार. उद्या नवी.

५ मार्च
काल कंटाळा केला, म्हणून आज आणली. नाक्यावरचा दुकानदार म्हणाला, ताई, घरात कोणी पुरुषमाणूस नाही का हे बघायला? मी म्हटलं, आहे ना, फोटोत आहे, पण खाली उतरत नाही. बिचाऱ्याने पैसेच घेतले नाहीत. वाईट वाटलं मला. गंमत केली होती मी.
नवी रिंग बसवली. धार तशीच.
मग साबण लावला. टाकीला भोक पडलं की साबण लावतात, गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गळती थांबली! पंपाच्या पाठीवर थाप मारली. सातवी पास बाई आहे म्हटलं, समजतोस काय.

५ मार्च, पाच मिनिटांनी
थाप मारायला नको होती. साबण पडला.

७ मार्च
जाऊबाई आल्या. नाकाला पदर लावून म्हणाल्या, काय गं, अंगाला पेट्रोलचा वास येतोय. मी म्हटलं, अत्तर संपलं, हेच लावते. त्या खो खो हसल्या आणि हसता हसता रडायलाच लागल्या. म्हणाल्या, अगदी भाऊजींसारखा वास येतोय.
मी नाही रडले. रोपांना पाणी घालायचं होतं. चाळीस बादल्या झाल्या. उद्यापासून व्यायाम म्हणून मोजायच्या, काम म्हणून नाही.
रात्री अंघोळ केली नाही. थंडी होती. मार्चातही असते कधी कधी.

९ मार्च
मेकॅनिकला बोलावलं. म्हणजे तोच आला, मी फक्त चार वेळा फोन केला. त्याला आम्ही फुंकर म्हणतो, कारण हातात आलेल्या प्रत्येक वस्तूत तो आधी फुंकतो.
फुंकून झाल्यावर म्हणाला, काकू, ह्यात नीडलच नाही.
मी म्हटलं, असं?
मला शिकवायला लागला. पेट्रोल वाटीत येतं, वाटी भरली की फ्लोट वर तरंगतो आणि नीडलला वरच्या भोकात दाबतो, मग पेट्रोल थांबतं. करंगळीच्या पेराएवढी वस्तू. ती नसेल तर पेट्रोल येतच राहणार, रिंग सोन्याची घातली तरी.
म्हणजे घोडं तिथे पेंड खातंय. मी म्हटलं, काकांनी हरवली असेल, गबाळेच होते. फुंकर म्हणाला, नाही हो काकू, काका खोललेला प्रत्येक भाग एका स्टीलच्या वाटीत जपून ठेवायचे, मला त्यांनीच शिकवलं. मी म्हटलं, संसार मी केला का तू?
नंतर दोनदा चहा दिला त्याला.

११ मार्च
फुंकरने दुकानातल्या डब्यातून दोन नीडल आणल्या. एक आखूड, एक जाड. ह्या पंपाची सुटी नीडल आता बाजारात येतच नाही म्हणाला. जुनी शोधा काकू, सापडली तर दहा मिनिटांचं काम आहे.
उद्या शेड कोपरा न् कोपरा शोधायची. पहाटे पाचला सुरुवात.

१२ मार्च
नऊला सुरुवात केली. शोधली, म्हणजे झाडली. ह्यांचा एक मोजा मिळाला, कानाला लावायची पेन्सिल मिळाली. नीडल नाही मिळाली. न मिळाल्याचं मला फार आश्चर्य वाटलं असं लिहून ठेवते.
मग डोकं चालवलं. पेन्सिल तासून टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला आणि नीडलच्या जागी घातली. चाळीस आकडे मोजेपर्यंत गळती बंद! एकेचाळिसाव्याला तुकडा सुटला.
चाळीस काही कमी नाहीत.

१४ मार्च
ऊन फार. टोमॅटोच्या मागच्या दोन ओळी माना टाकून पडल्यात. बादली मध्येच खाली ठेवावी लागते. दम लागत नाही, सावलीत उभं राहावंसं वाटतं इतकंच.
फुंकर म्हणाला, नीडलचा नाद सोडा, मी उद्या शहरात जाऊन अख्खा नवा कार्बोरेटर घेऊन येतो, परवा पंप चालू. मी नाही म्हटलं. का, तर ह्यांचा हात लागलेला आहे, हाच चालला पाहिजे. तो म्हणाला, काकू, रोपं मरतायत. मी म्हटलं, त्या रस्त्याने पार्ट आणायला कोणीही जायचं नाही. एकदा एक माणूस गेला स्कूटरवरून, ट्रकखाली, तेवढं पुरे.
ओरडलेच बहुतेक. तो चप्पल उलटी घालून गेला.

१८ मार्च
तीन दिवस काही लिहिलं नाही कारण कामात होते. काम म्हणजे शेडमध्ये बसले होते. कॉक उघडायचा, धार बघायची, बंद करायचा.
फुलकोबी गेली. टोमॅटोच्या चार ओळी उरल्यात. अजून दोन दिवस आहेत. माणूस दोन दिवसांत काय करू शकत नाही?

२० मार्च, दुपार
लेक आली. मी आधीच पंपाजवळ उभी होते, दोरी ओढायच्या तयारीत. तिने वाकून वाटीखाली हात धरला. हात भिजला. मी म्हटलं, कालपेक्षा कमी गळतंय. तिने हात ओढणीला पुसला आणि मला जवळ घेतलं. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी हरत नाही.
चार ओळी जाऊबाईंना दिल्या. लेक शेड आवरायला लागली. फळीवरून एक पुडी काढून म्हणाली, आई, तू तर सगळ्यांना सांगितलंस की बाबा त्या दिवशी रिंग आणायला गेले. ह्यात नव्या तीन रिंगा आहेत. मग गेले कशाला?
मी म्हटलं, विसरले असतील. गबाळेच होते.

२० मार्च, संध्याकाळ
सामान गाडीत गेलं. लेक हॉर्न वाजवतेय. वाजवू दे.
रिंग आणायला नव्हते गेले. नीडल आणायला गेले होते. सकाळी ते हात धुवायला आत गेले तेव्हा मी ती त्यांच्या स्टीलच्या वाटीतून उचलली आणि माझ्या चष्म्याच्या डबीत टाकली. गंमत म्हणून. लग्न झाल्यापासून हेच चालायचं, मी त्यांचा पाना लपवायचे, ते शोधून शोधून थकले की मी भाव खाऊन द्यायचे. त्या दिवशी त्यांनी विचारलं, तू घेतलीस का गं? मी म्हटलं, मी कशाला घेऊ, तुम्हीच गबाळे. तोंड इतकं सरळ ठेवलं की त्यांना खरं वाटलं. स्कूटर चालू केली. मी मनात म्हटलं, वळणापर्यंत जाऊ दे, मग हाक मारते, तेवढीच जास्त मजा.
हाक मारली. स्कूटरच्या आवाजात ऐकू गेली नाही.
नीडल माझ्याकडे आहे. पहिल्या दिवसापासून आहे.